चुका पोटात घालणारं कापड

तिचं खरं नाव कागदोपत्री होतं. घरात तिला सगळे बेबीच म्हणत. जन्मली तेव्हा नावावरून घरात दोन तट पडले. एकमत होईपर्यंत चार दिवस बेबी म्हणू असं ठरलं आणि ते चार दिवस एकोणपन्नास वर्षं चालले. हॉस्पिटलात मात्र ती मॅडम होती. तळमजल्यावरच्या औषधांच्या काउंटरवर तिनं बावीस वर्षं काढली होती. काही डॉक्टरांना स्वतःचंच अक्षर लागत नसे. ते तिला फोन करून विचारत, काल मी काय लिहून दिलं होतं हो?

तिच्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. आप्पा ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं त्यांनी पुलांचे नकाशे काढले होते. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, खिशात दोन पेन्सिली आणि एक खोडरबर, अशा थाटात ते निवृत्तीनंतरही कोपऱ्यावर पेपर आणायला जात. बायको गेल्यावर नऊ वर्षं एकटे राहिले. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून ते बेबीच्या घरी आले, तेव्हा गाडीतून उतरताना पहिलं वाक्य बोलले ते, महिनाभरात परत जाईन. जीभ जड झाली होती, त्यामुळे ते वाक्य तिला दुसऱ्यांदा विचारून घ्यावं लागलं.

बेबीचा दादा दोन विमानं बदलावी लागतील इतक्या लांब राहत होता. तो रोज फोनच्या पडद्यावर दिसायचा आणि आप्पांना प्रथिनं जास्त द्या असं सांगायचा. मुलगी दुसऱ्या गावी शिकायला होती. घरात राहिला नवरा. माणूस भला. सांगितलेलं काम तो चोख करायचा, न सांगितलेलं त्याला दिसायचंच नाही. घराला आग लागली असती तर त्यानं शांतपणे विचारलं असतं, पाणी आणू का?

सकाळची खरी अडचण शर्टाची होती. आप्पा शर्ट घातल्याशिवाय खायला बसत नसत, खाल्ल्याशिवाय गोळ्या देता येत नसत, आणि गोळ्या बेबी स्वतःच्या हातानं देत असे. शर्टाला सात बटणं. आप्पा डाव्या हातानं एकेक बटण लावायचे. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा पडलेला. चाळीस मिनिटं लागायची. कुणी मदतीला हात पुढे केला की ते लावलेली बटणं काढून पहिल्यापासून सुरुवात करायचे. एकदा नवऱ्यानं सहज सुचवलं, गोल गळ्याचा बनियनसारखा टी-शर्ट घाला की. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या दिवशी जावईबापू नाश्ता न करताच कामाला गेले.

मग बेबी रोज उशिरा पोहोचायला लागली. तिकडे काउंटरवरची दुसरी फार्मासिस्ट बाळंतपणासाठी रजेवर गेली ती गेलीच, परत येणार नाही असं तिनं कळवलं. तिच्या जागी कुणी येईपर्यंत दोघींचं काम एकटीच्या गळ्यात पडलं. समोर रांग, मागं फोन, मधेच दुपारी जेवायला घरी गेलेल्या नवऱ्याचा निरोप, आप्पा ताक नको म्हणतात, काय देऊ? पोरीचा फोन, आई मला इथं करमत नाही. बेबी सगळ्यांना उत्तरं द्यायची. तिचं तिला काय होतंय हे विचारायला तिला सवड नव्हती, आणि विचारलं असतं तरी धड सांगता आलं नसतं. एवढंच की अंघोळ करताना कधीकधी अंगावर दोन वेळा साबण लागायचा, कारण पहिल्यांदा लावलेला आठवत नसे.

एका मंगळवारी दुपारी एक बाई काउंटरवर आली. हातात आदल्या दिवशी नेलेली पिशवी होती. तिनं जराशा संकोचानंच विचारलं, आईची ही गोळी आजवर गुलाबी असायची, या वेळी पांढरी कशी? बेबीनं पट्टी हातात घेतली. पंचवीस मिलिग्रॅमच्या जागी पन्नासची गेली होती. शेजारशेजारच्या खोक्यांतली चूक, बावीस वर्षांत पहिली. गोळी घेतली का, बेबीनं विचारलं. नाही घेतली, बाई म्हणाली, आईच म्हणाली, आधी विचारून ये.

बेबीनं औषध बदलून दिलं, त्या बाईची माफी मागितली, वरिष्ठांना स्वतः जाऊन सांगितलं. वरिष्ठांनी घडलं ते वहीत लिहून घेतलं आणि दुप्पट कामाचं आपण वर कळवतो म्हणाले. कुणी तिला फाडून खाल्लं नाही. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. अर्ध्या तासाच्या सुट्टीत ती जेवायला गेली नाही. तिला कुणी नसेल अशी जागा हवी होती, आणि हॉस्पिटलात तशी जागा म्हणजे तळघरातली शिवणखोली.

शिवणखोलीत एकच बाई काम करायची. सगळे तिला मावशी म्हणत. वरचे डॉक्टरही, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठा लिफ्टमनही. फाटलेल्या चादरी, ऑपरेशनचे अंगरखे, पडदे, सगळं तिच्याकडे यायचं आणि ठिगळ लावून परत जायचं. बेबी आत जाऊन गाठोड्यावर बसली. मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि एक कात्री आणि दोरे लोंबणाऱ्या उशांच्या खोळी तिच्यापुढं टाकल्या. बेबी दोरे कापत बसली. वीस-पंचवीस खोळी झाल्यावर तिनं कात्री खाली ठेवली.

मग तिनं मावशीला सगळं सांगितलं. मावशीनं मशीन न थांबवता ऐकलं. सांत्वन वगैरे तिच्या स्वभावात नव्हतं. ऐकून झाल्यावर म्हणाली, तुला शिवता येतं का? बेबी म्हणाली, शाळेत एक झबलं शिवलं होतं, ते बाईंनी वर्गात सगळ्यांना दाखवलं, कसं शिवू नये म्हणून.

मावशी हसली आणि तिनं स्वतःच्या अंगातला टॉप चिमटीत धरून ताणून दाखवला. गडद निळा, होजियरीच्या कापडाचा, बनियनचं असतं तसलं पण जरा जाड. "हा बघ. पुढचा एक तुकडा, मागचा एक, दोन बाह्या, गळ्याला पट्टी. बटण नाही, चेन नाही, काजं नाहीत. दोन तासांत अंगात. आणि सुती शर्ट अर्धा इंच चुकला की चारचौघांत ओरडून सांगतो. हे कापड तसं नाही. हे चुका पोटात घालतं."

संध्याकाळी जाताना बेबीच्या पिशवीत मावशीनं दिलेला कागदी साचा होता, दोन मीटर करड्या रंगाचं कापड होतं, आणि बोथट टोकाची खास सुई होती. साधी सुई या कापडाला भोकं पाडते, मावशीनं बजावलं होतं.

घरात मशीन होतं. मुलीच्या शाळेच्या वेळी घेतलेलं, आणि गेली कित्येक वर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले जात, त्यामुळे ते टेबलच आहे असा नवऱ्याचा समज झाला होता. कपडे उचलले तेव्हा तो खरंच म्हणाला, अरे, हे इथं होतं होय?

संध्याकाळी सहा ते सात नवरा आप्पांना गच्चीवर चालवायला नेई. तो तास बेबीनं धरला. पहिल्या टॉपची एक बाही उलटी लागली. गळा इतका ताणला गेला की त्याला लाटा आल्या. खालची दुमड एका बाजूला चढत गेली. तरी तिनं तो अंगात घातला, आणि तो बसला. आरशात पाहिलं तर टॉप केविलवाणा होता, पण टॉप होता. मशीनच्या आवाजात तासभर डोक्यात दुसरं काहीच आलं नव्हतं. ना गुलाबी गोळी, ना पांढरी.

मग तिला नादच लागला. साचा तोच, रंग वेगळे. कापड जमिनीवर पसरायचं, साच्यावर मिठाचे डबे ठेवायचे, खडू न फिरवता सरळ कात्री चालवायची. खांदे जोड, बाह्या जोड, मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एका दमात टीप मार. चुकलं तर उसवायचं नाही, हा तिचा नियम होता. चौथा टॉप तिनं हॉस्पिटलात घातला आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सहावा मुलीला पाठवला. सातव्याच्या उरलेल्या कापडातून नवऱ्याला एक टी-शर्ट शिवला, भडक नारिंगी, एक खांदा दुसऱ्याहून रुंद. घाल म्हणून सांगितल्यावर त्यानं तो घातला, त्याच्यावर कोट चढवला आणि कामावर गेला. परत येऊन म्हणाला, उकडलं जरा, पण कोट काढला नाही.

दादानं पडद्यावरून विचारलं, इतके टॉप कशाला? दुकान काढतेस का? कशाला ते बेबीलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच माहीत होतं की त्या तासानंतर आप्पांच्या गोळ्या डब्यात भरताना तिचा हात स्थिर असायचा, आणि सकाळी बटणांची चाळीस मिनिटं तिला शांतपणे बसून काढता यायची.

पुढं पावसामुळे गच्ची ओली झाली आणि फेऱ्या घरातल्या घरात व्हायला लागल्या. आता आप्पा सहा ते सात खुर्चीत बसून बेबीकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी जड जिभेनं म्हणाले, मधली रेषा कुठाय? बेबी म्हणाली, रेषा नाहीये आप्पा, अंदाजानं कापते. त्यांनी डोळे मिटून घेतले. चौतीस वर्षांत अंदाज हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला होता.

त्यानंतर रोज काहीतरी असायचंच. डावी बाही मोठी झाली. खांद्याचा उतार दोन्हीकडे सारखा नाही. कापड आडवं का धरलंस, उभं धर. बेबी हो म्हणायची आणि करायचं तेच करायची. पण तासाची मजा गेली. पाठीवर कुणाची तरी नजर आहे म्हटल्यावर तिचा हात पुन्हा काउंटरवरच्यासारखा चालायला लागला, दोनदा मोज, तीनदा तपास. एकदा तर तिनं लावलेली बाही उसवली. स्वतःचा नियम स्वतःच मोडला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

एका शुक्रवारी ती घरी आली तर आदल्या दिवशी कापून ठेवलेले तुकडे टेबलावर नीट मांडलेले होते, आणि प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या. गळ्याला, बाही जोडायच्या मुंढ्याला, बाहीच्या कडेला. इथं जास्त, इथं कमी. पिवळं कापड, वर लाल खुणा. शाळेतल्या झबल्यानंतर असं कुणी तिचं काम तपासलं नव्हतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. आप्पा खुर्चीत बसले होते, काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखे. ती ओरडली नाही. ओरडायचं त्राणच नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "दिवसभर मी मिलिग्रॅम मोजते. चुकले तर माणूस मरतो. घरी येऊन तुमच्या गोळ्या मोजते, तिथंही चुकून चालत नाही. मला एक तरी काम असं राहू द्या, जे चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही."

आप्पांनी डाव्या हातानं पुढच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "रेषा बघ," ते म्हणाले.

"बघितल्या. मला नकोत त्या."

"चूक नको बघू. रेषा बघ." जीभ अडखळली, त्यांनी थांबून पुन्हा सुरुवात केली. "सरळ आलीय. डाव्या हातानं. सात आठवडे मी रोज... पेपरावर मारतो. सगळ्या वाकड्या. ही पहिली."

बेबीनं तुकडा उचलून उजेडाकडे धरला. कापड होजियरीचं, पेन्सिल ओढली की सोबत ओढलं जाणारं. त्याच्यावर खांद्यापासून खालपर्यंत लाल रेघ गेली होती आणि ती खरोखर सरळ होती. सुरुवातीला जराशी थरथरली होती, पुढं नाही. तिनं एवढा वेळ फक्त स्वतःच्या चुका पाहिल्या होत्या. रोज पेपर आवरताना त्याच्या कडेला पेन्सिलीच्या रेघोट्या दिसायच्या, त्याही तिला आठवल्या. लहान मूल नसलेल्या घरात या कोण मारतं, हे विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

ती टेबलाजवळ बसली. त्या दिवशी शिवण झाली नाही. पण जेवणं झाल्यावर तिनं आप्पांसमोर एक तोडगा ठेवला. माझ्या टॉपांना हात लावायचा नाही. तुम्हाला काढायचं तर तुमच्या स्वतःच्या सदऱ्याचा नकाशा काढा, होजियरीचा, तुमच्या मापाचा. मी गोल गळ्याचं घालत नाही, आप्पा म्हणाले. मग तुम्हाला हवा तसा गळा काढा, बेबी म्हणाली, नकाशा तुमचाच आहे.

या कामाला तीन आठवडे लागले. नवऱ्याला मदतनीस नेमलं. टेप धरायचं काम आल्यामुळे त्यालाही बरं वाटलं, कारण आता काय करायचं ते कुणीतरी रोज स्पष्ट सांगत होतं. आप्पांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा सव्वा इंच खाली उतरला होता. माप सांगताना नवऱ्याची जीभ चाचरली. आप्पांनी मात्र निर्विकारपणे तो आकडा लिहून घेतला, पुलाचा एक खांब खचला असता तर घेतला असता तसा. कागदाच्या चार कोपऱ्यांवर औषधांच्या बाटल्या ठेवून ते रोज डाव्या हातानं रेघ मारत आणि खोडत. उजव्या बाहीचा मुंढा मुद्दाम खोल घेतला, म्हणजे लुळा हात आधी सहज आत जाईल. गळ्याला छोटी उभी चीर आणि कॉलरसारखी उभी पट्टी. खिसा नेहमी डावीकडे असतो, तो त्यांनी उजवीकडे नेला. पेन्सिल आता डाव्या हातानं काढायची होती.

नकाशा तयार झाला तेव्हा बेबीनं तो शिवायला साफ नकार दिला. हे चुकून चालणारं काम नाही, ती म्हणाली, हे मावशीकडे जाईल. मावशीनं तो शिवणखोलीच्या टेबलावर पसरला, चष्मा लावून वाचला, प्रत्येक मापाला बाण, प्रत्येक बाणाला आकडा. एवढ्या वर्षांत असला कागद मी पाहिला नाही, ती म्हणाली. मग बराच वेळ बघून म्हणाली, पण हे त्यांनी शर्टाच्या कापडाचं बेतलंय, होजियरीला इतका सैलपणा लागत नाही. मग सुधारा ना, बेबी म्हणाली. मावशीनं मान हलवली. नकाशावाल्या माणसाला तोंडानं सांगून पटत नसतं, अंगात घालून पटतं.

पटलं. सदरा आप्पांच्या अंगावर पोत्यासारखा लोंबला. गळा पुढं पडला, खिसा पोटावर आला. नकाशात एकही चूक नव्हती आणि सदरा साफ बिघडला होता. आप्पांनी दोन दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. सकाळी पुन्हा सात बटणं, चाळीस मिनिटं. बेबीला भीती वाटली की आता पेन्सिलही सुटते की काय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हिरव्या कापडाचा टॉप कापत होती, तेव्हा ते म्हणाले, ताण बघू ते. बेबीनं कापडाची घडी पट्टीवर धरून ताणली. चार इंच होतं ते पाच झालं. सोड, आप्पा म्हणाले. सोडलं, पुन्हा चार. असं त्यांनी तिच्याकडून दहा-बारा वेळा करून घेतलं, उभं, आडवं, तिरकं. मग म्हणाले, लोखंडही ताणलं जातं, पण इतकं निर्लज्जपणे नाही. बेबीला हसू आलं. कित्येक आठवड्यांनी ते दोघं एकाच गोष्टीला हसले.

दुसऱ्या नकाशाला नऊ दिवस लागले. तो बेबीनं स्वतः शिवला. मावशीकडे का देत नाहीस, असं आप्पांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिच्याकडे पडद्यांचा ढीग आलाय. खरं तर तिला शिवावासा वाटला होता. दोन संध्याकाळी तिनं जपून काम केलं, आणि जपून करूनही खिशाची एक कड तिरकी गेली. तिला ती दिसली, आप्पांनाही दिसली. त्यांनी अंगठ्यानं ती कड चाचपली. मग म्हणाले, पाव इंच. एवढंच. उसव म्हणाले नाहीत.

सकाळी त्यांनी दार लावून घेतलं. बेबी बाहेर घड्याळ बघत उभी राहिली, नवरा तिच्यामागं. सहाव्या मिनिटाला दार उघडलं. करडा सदरा, उभी पट्टी, उजवीकडच्या खिशात दोन पेन्सिली. केस मात्र विस्कटले होते. आप्पा खुर्चीपर्यंत चालत आले आणि म्हणाले, नाश्ता. बेबी त्या दिवशी कामावर वेळेच्या आधी पोहोचली, आणि रांग नव्हती म्हणून खोक्यांच्या फळ्या नव्यानं लावत बसली. सारख्या दिसणाऱ्या खोक्यांमध्ये तिनं दुसऱ्याच औषधांची ओळ घातली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. काउंटरवर दुसरी फार्मासिस्ट यायला आणखी दोन महिने गेले. मुलीचं तिकडं हळूहळू रमलं. आप्पा महिनाभरात परत जाणार होते ते गेले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची फक्त दोन बोटं हलायला लागली, तीही थंडीत हलत नसत. एका रविवारी बेबीनं पडद्यावरच्या दादाला आप्पांच्या प्रथिनांचं बोलणं अर्ध्यावर तोडून सांगितलं, ये आणि पंधरा दिवस राहा, मला झोपायचंय. इतकं सरळ वाक्य तिनं दादाला कधी ऐकवलं नव्हतं. तो आला. पहिल्या दोन दिवसांत त्याला शर्ट, गोळ्या, ताक आणि फेऱ्या म्हणजे काय ते कळलं, आणि त्यानंतर फोनवरून सल्ले येणं कमी झालं. बेबी मुलीकडे गेली आणि तिथं पहिले तीन दिवस झोपली.

टॉप ती अजून शिवते. तिच्या टॉपांना रेघा नसतात, आणि एकाही टॉपाचे दोन्ही खांदे सारखे नसतात. आता तिच्याकडे त्यांची एवढी चळत झालीय की नवऱ्याला कपाटात स्वतःसाठी एकच फळी उरलीय. ती रिकामी करून द्यायची का, असं त्यानं विचारलेलं आहे.

आप्पांचं मात्र भलतंच झालं. व्यायामासाठी ते आठवड्यातून दोनदा एका केंद्रात जातात. तिथं व्यायाम घेणाऱ्या मुलीनं त्यांचा सदरा उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, हा कुठं मिळतो? रांगेतल्या इतरांनीही विचारलं. कुणाचा डावा हात गेलेला, कुणाची पाठ वाकलेली, कुणाला मान वर करता येत नाही. आता आप्पा केंद्रात जाताना वही घेऊन जातात, जावईबापू टेप घेऊन जातात. नकाशे आप्पा काढतात. शिवायला काही मावशीकडे जातात, काही ज्याच्या त्याच्या घरी. बेबी एकही शिवत नाही. तसं तिनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलंय.

मागच्या गुरुवारी नवऱ्याला बरं नव्हतं, म्हणून टेप धरायला बेबी गेली. खुर्चीतून एक म्हातारी बाई कशीबशी उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तिची कंबर एका बाजूला कलली होती.

"सरळ उभ्या राहा," आप्पा वहीतून मान वर न करता म्हणाले.

"तेच तर होत नाही हो," बाई म्हणाली.

आप्पांनी मान वर केली. बाईकडे पाहिलं, तिच्या खांद्याकडे, मग कमरेकडे, अगदी सावकाश. डाव्या हातातल्या पेन्सिलीनं त्यांनी वहीच्या नव्या पानावर एक तिरकी रेघ मारली.

"मग अशाच राहा," ते म्हणाले. "बेबी, टेप खांद्यावर धर."